दात नसलेलं तोंडही बघायचं: गावातल्या ज्येष्ठांची मौखिक तपासणी कशी करावी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळी, माण, खटाव, कुठल्याही तालुक्यात जा. म्हाताऱ्या माणसाला तोंड दाखवा म्हटलं की उत्तर येतं, "आता काय राहिलंय तोंडात बघायला?" घरच्यांना ते पटतं आणि तपासणाऱ्यालाही पटतं. शिबिरात बीपी मोजला जातो, साखर बघितली जाते, चष्म्याचा नंबर निघतो. तोंड तेवढं राहून जातं. ज्यांचे सगळे दात पडलेत त्यांना तर कुणी ओठ उघडायलाही सांगत नाही.

माझ्या मते याच माणसांचं तोंड सगळ्यात आधी बघायला हवं. त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं मशेरी लावलेली असते किंवा तंबाखू-चुना धरलेला असतो. कवळी ढिली होऊन आत घासत असते. दातच नाहीत, त्यामुळे दात दुखत नाही, आणि दात दुखत नाही म्हणून दंतवैद्याकडे जाण्याचं कारणच उरत नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत थांबलेला माणूस फार उशिरा पोचतो.

हा लेख आशाताई, आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते, एनएसएसची मुलं आणि आईवडिलांचं तोंड घरीच बघू इच्छिणारी मुलं-सुना यांच्यासाठी आहे. ही चाळणी आहे. आजाराचं नाव सांगणं हे तिचं काम नाही. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसतंय का ते ओळखायचं आणि त्या माणसाला दंतवैद्यापर्यंत पोचवायचं. शिकवलेला, पण डॉक्टर नसलेला माणूस हे नीट करू शकतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. 2005 मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागात सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. मात्र अर्धा दिवस एखाद्या दंतवैद्यासोबत बसून निरोगी आणि आजारी तोंडं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सुरुवात करू नका.

आधी पुढची वाट ठरवा

पहिला फोन मांडववाल्याला नको, दवाखान्याला करा. ज्याच्या तोंडात काही सापडेल तो कुठल्या वारी, कुठल्या ओपीडीत, कुणाला भेटणार हे ठरलेलं नसेल, तर शिबिर घेऊ नका. घाबरवून घरी पाठवलेला म्हातारा पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

सातारा जिल्ह्यात साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आणि कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणं. कराडलाच कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. सांगली जिल्ह्यातल्या लोकांना सांगलीतली दंत महाविद्यालयं आणि मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय जवळ पडतं. दंत महाविद्यालयात सार्वजनिक दंतआरोग्याचा स्वतंत्र विभाग असतो आणि गावोगावी तपासणी करणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. त्या विभागाला पत्र द्या, इंटर्न मुलं येतील का विचारा. कवळी, दात काढणं, मुळाचे उपचार यांचा खर्चही तिथे खासगीपेक्षा बराच कमी येतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच कल्पना द्या. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायची सरकारी प्रश्नावली) भरतात, त्यात तोंडाचे प्रश्न आहेतच. तुमची यादी त्याला जोडली गेली तर पाठपुरावा सोपा जातो.

आता दिवस. कोयनेच्या खोऱ्यात भातलावणीच्या दिवसांत कुणी येणार नाही. कराड-कोरेगावकडे ऊसतोडीच्या धांदलीत येणार नाही. गावच्या यात्रेनंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस मात्र उत्तम. मुंबई-पुण्याची मुलं त्या दिवसांत घरी असतात. म्हाताऱ्या आईला कराडला न्यायचं की नाही हा निर्णय बहुतेक घरांत त्यांचाच असतो. त्यांच्यासमोर बोलणं झालं की पुढचं काम अर्धं होतं.

शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप चालेल, पण सकाळच्या उजेडात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे डोकं टेकता येतं. चेहरा उजेडाकडे हवा. बायकांसाठी चादरीचा आडोसा करा. चारचौघांत, त्यातून सुनेसमोर किंवा विहिणीसमोर, कवळी काढायला कुठलीच आजी तयार होत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

सामान थोडंच लागतं: डोक्याला बांधायची बॅटरी, लाकडी पट्ट्या किंवा एकदाच वापरायचे तोंडात बघायचे आरसे, हातमोजे, मास्क, गॉजचे तुकडे, कवळी ठेवायला वाट्या, हात धुवायला पाणी-साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या. प्रत्येक माणसाला नवे हातमोजे. स्टीलचे आरसे वापरणार असाल तर जितकी माणसं तितके, ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले) आणा. डेटॉलच्या पाण्यात बुचकळून तोच आरसा पुढच्याच्या तोंडात घालणं अजिबात चालणार नाही. वापरलेले हातमोजे लाल पिशवीत, लाळ-रक्त लागलेला गॉज पिवळ्या पिशवीत, आणि दोन्ही आरोग्य केंद्रात परत.

विचारायचं कसं

"तोंडाची काही तक्रार?" असा प्रश्न विचारलात तर "काही नाही बाबा" हेच ऐकू येईल. वयाबरोबर हे सगळं होणारच असं मानून बसलेला माणूस त्याला तक्रार म्हणत नाही. म्हणून खाण्यापासून सुरुवात करा.

भाकरी कशी खाता, चावून की दुधात-कालवणात कुस्करून? शेंगदाणे, हुरडा, पेरू कधीपासून सोडला? एका बाजूनेच चावता का? ठेचा पूर्वीसारखा खाता येतो की तोंड झोंबतं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. साधं कालवणसुद्धा झोंबायला लागणं आणि तोंड हळूहळू कमी उघडणं ही सुपारी-गुटख्याने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसची खूण असू शकते, आणि तो आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. नुसती सुपारी खाणाऱ्यालाही हा धोका आहे. "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी" म्हणणाऱ्याला वगळू नका.

तंबाखूचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. आजीला "व्यसन आहे का?" विचारलं तर ती दुखावते. "दात कशानं घासता?" विचारा. "मशेरीनं" असं सहज सांगेल. मग दिवसातून किती वेळा, लावून किती वेळ ठेवता, हे विचारा. आजोबांना तंबाखू कुठल्या बाजूला धरता ते बोटाने दाखवायला सांगा. तंबाखू जिथे वर्षानुवर्षं बसते, बिघाडही बहुधा तिथेच सुरू होतो. ती जागा कागदावर लिहून ठेवा, बघताना तिथे दोनदा नजर टाकायची आहे.

कोरड्या तोंडाबद्दल: रात्री उशाशी तांब्या लागतो का? सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येते का? लाळ कमी झाली की दात मुळाशी, हिरडीलगत किडतात, कवळी टिकत नाही, जीभ जळजळते. मधुमेह हे एक कारण आणि गोळ्या हे दुसरं मोठं कारण. लघवीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या, सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. म्हणून शिबिराच्या निरोपातच सांगा: "गोळ्यांची पिशवी घेऊन या." पिशवीत ॲम्लोडिपिन असेल तर हिरड्या सुजल्यासारख्या वाढलेल्या आहेत का तेही बघा, काही जणांत त्या गोळीने तसं होतं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी गोळी-इंजेक्शन असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा. दात काढण्याआधी दंतवैद्याला हे कळलंच पाहिजे. आणि रुग्णाला बजावून सांगा, रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

दोन प्रश्न राहिले. पाणी पिताना ठसका लागतो का? आणि गेल्या काही महिन्यांत वजन उतरलंय का, पोलकं-सदरा ढिला झालाय का?

बघायचं कसं

आधी हात न लावता चेहरा बघा. गाल एका बाजूला सुजलाय का? ओठांचे कोपरे चिरलेत का? मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हळू चाचपा. कडक, न हलणारी, न दुखणारी गाठ लागली तर ती महत्त्वाची. मग तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) उभी धरून समोरच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. दात नसतील तर हे माप तंतोतंत लागू पडत नाही. अशा वेळी "पूर्वी इतकंच उघडायचं का?" हे विचारा.

आता कवळी काढायची. त्यांनाच काढू द्या, पाणी घातलेल्या वाटीत ठेवा. कवळी तोंडात असताना केलेली तपासणी मी तपासणी धरत नाही. जखम, लाल झालेली टाळू, बुरशी, सगळं तिच्याखाली असतं.

आत बघण्याचा क्रम एकच ठेवा आणि कधीच बदलू नका. क्रम बदलला की एखादी जागा सुटते. ओठ बाहेर वळवून आतली बाजू. उजवा गाल, मग गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण, वर आणि खाली. डावीकडे तसंच. आपल्याकडे तंबाखू धरण्याची हीच जागा असल्यामुळे कर्करोगही इथेच जास्त सापडतो, म्हणून घाई नको. पट्टीने गाल पूर्ण ताणून खोबणीचा तळ दिसला पाहिजे. नंतर जीभ बाहेर काढायला सांगून वरची बाजू. मग टोक गॉजने धरून जीभ एका बाजूला ओढा आणि कड अगदी मागपर्यंत बघा. दुसरी कड. जीभ टाळूला लावायला सांगा आणि खालची जागा बघा. शेवटी "आऽ" म्हणायला सांगून टाळू आणि घसा.

संशयाची लक्षणं अशी:

• दोन आठवड्यांहून जास्त काळ न भरलेली जखम किंवा फोड
• गॉजने हळू पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा
• मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा लाल-पांढरा मिसळलेला
• बोटाला कडक लागणारी जागा, गाठ किंवा फुलकोबीसारखी वाढ
• दात काढल्यावर आठवडे उलटूनही न भरलेला खड्डा
• ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, कारण नसताना एखादाच दात एकदम हलायला लागणं
• आवाज बसणं, गिळताना अडकणं, जीभ नीट न हलणं

यांतला लाल चट्टा लोक फार हलक्यात घेतात. पांढऱ्यापेक्षा लाल चट्ट्यात कर्करोग निघण्याची शक्यता बरीच जास्त असते. तो दिसला तर "उष्णता वाढली असेल" म्हणून सोडून देऊ नका. पुसल्यावर निघून जाणारा पांढरा थर मात्र बहुधा बुरशीचा असतो. कवळी रात्रंदिवस घालणाऱ्यांत, मधुमेहींत आणि दम्याचा पंप वापरणाऱ्यांत तो दिसतो आणि औषधाने बरा होतो. चट्टा खरवडू मात्र नका.

निरोगी तोंडात काय काय असतं हेही माहीत हवं, नाहीतर निम्मं गाव विनाकारण कराडला जाईल. जिभेच्या अगदी मागे मोठ्या पुळ्यांची ओळ असते. म्हातारपणी जिभेखालच्या निळ्या शिरा फुगलेल्या दिसतात. गालाच्या आत बारीक पिवळसर ठिपके असतात. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा असू शकतो. आणि आपल्या वर्णाच्या माणसांच्या हिरड्यांवर काळसर रंग ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि वर्षानुवर्षं बदलत नाही.

दात, खुंट आणि कवळी

किती दात उरलेत यापेक्षा वरचा-खालचा दात एकमेकांवर टेकून चावता येणाऱ्या जोड्या किती, हे बघा. जपानमध्ये 1989 पासून ऐंशीव्या वर्षी 20 दात हे ध्येय ठेवून मोहीम चालवली गेली, कारण साधारण 20 दात असले तर बहुतेक अन्न चावता येतं. आपल्या गावात हा आकडा दुर्मीळ आहे. पण खालच्या जोडीदाराशिवाय वरच्या आठ दातांचा चावायला उपयोग नाही, एवढं नोंदवलं तरी दंतवैद्याला कवळीचा विचार करता येतो.

तुटलेले खुंट बघा. त्यांची धार जिभेच्या कडेला घासते आणि जखम भरू देत नाही. हिरडीलगत तपकिरी, मऊ पडलेली कीड, दाबल्यावर येणारा पू, हलणारे दात, मशेरीने आणि कडक ब्रशने मुळाशी पडलेल्या खाचा, हे सगळं लिहून घ्या. हलणारा दात ओढून बघू नका.

कवळी उजेडात धरून तडा आहे का बघा. किती वर्षांची आहे विचारा. जबड्याचं हाड झिजत जातं, त्यामुळे एके काळी घट्ट बसणारी कवळी पुढे ढिली होते. घरी गोंद लावून चिकटवलेली कवळी आत टोचत असते, ती दुरुस्तीला पाठवा. सांगायच्या गोष्टी चारच: रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात घालायची नाही, ब्रश आणि साबणाने धुवायची, आणि कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू, जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या. टोचत असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत काढून ठेवायची. कवळीने झालेली जखम कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत भरली पाहिजे. भरली नाही तर तिला कवळीची जखम म्हणणं थांबवा आणि माणसाला पाठवा.

नोंद आणि तीन ढीग

ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांसाठी तयार झालेला ओहॅट नावाचा एक सोपा तक्ता आहे. त्यात आठ मथळे आहेत: ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता, दुखणं. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण: ठीक, बदल आहे, बिघाड आहे. तो मराठीत एका पानावर उतरवून घ्या. बेरजेच्या मागे मात्र लागू नका. एकूण गुण कमी असले तरी एका मथळ्याला 2 आले की माणूस दंतवैद्याकडे गेला पाहिजे. वर संशयाची जी लक्षणं दिली त्यांतलं एकही दिसलं तर गुणांचा विचारच करायचा नाही.

मग तीन ढीग. तोंड-मानेला सूज आणि ताप, गिळता येत नाही, श्वासाला त्रास, न थांबणारं रक्त, असं असेल तर त्याच दिवशी गाडी करून रुग्णालयात. संशयाची लक्षणं असलेले एका आठवड्याच्या आत. कीड, खुंट, कवळी, हिरड्या हे महिन्याभरात, ठरलेल्या दिवशी सगळे मिळून.

दुसऱ्या ढिगातल्या माणसाशी बोलताना "कॅन्सर" शब्द तुम्ही उच्चारू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. पण "काही नाही, किरकोळ आहे" असंही सांगू नका. "ही जागा मला बरोबर वाटत नाही, मोठ्या डॉक्टरांनी या आठवड्यात बघायलाच हवी," एवढं सांगा आणि घरातल्या एका माणसाला त्याच वेळी बाजूला बसवून तेच सांगा. तुकडा काढून तपासला की आजार पसरतो, ही भीती गावोगाव आहे. ती खरी नाही, आणि तपासणीला नकार देण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. तुम्ही स्वतः विषय काढा.

अंथरुणाला खिळलेले आणि विसरभोळे

ही माणसं शिबिराला येणार नाहीत, तुम्हालाच वाडीवर जावं लागेल. तोंडात साचलेली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून इथे स्वच्छता हा जीवाचाच प्रश्न आहे. डोकं उंच करून किंवा कुशीवर वळवून बघा, उताणं झोपवून तोंडात पाणी घालू नका. दातांच्या मध्ये बोट कधीच घालू नका. आधी नाव घेऊन बोला, हात हातात घ्या, ब्रश दाखवा, मग ओठाला लावा. विरोध झाला तर थांबा आणि तासाभराने पुन्हा या. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं जेवणात दिसतं: घास तोंडात धरून ठेवणं, गालाला हात लावणं, आवडीचं नाकारणं. सांभाळणाऱ्या सुनेला किंवा बाईला दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, वाटाण्याएवढ्या फ्लोराइड पेस्टने दात पुसून काढायला प्रत्यक्ष करून दाखवा. थुंकता येत नसेल तर पेस्ट नुसती माखल्यासारखी, आणि उरलेली गॉजने टिपून घ्यायची.

पोचला का?

तपासणी संपली की खरं काम आशाताईच्या वहीत सुरू होतं. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येकाचं नाव, वाडी, मुलाचा फोन, ठरलेली तारीख आणि शेजारी एक रिकामा रकाना: पोचला का? आठव्या दिवशी फोन करा. पोचला नसेल तर कारण विचारा. सोबत नाही, पैसे नाहीत, भीती वाटते, यांपैकीच काहीतरी निघेल. प्रवासाचा खर्च हे कारण एसटीने जाणाऱ्यांपुरतं सुटतं: 75 वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 मध्ये निम्मं तिकीट आहे, आणि बायकांना कुठल्याही वयात निम्मं. आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगा. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं नसेल तर शिबिरातच त्याची व्यवस्था करा. कर्करोगाचा उपचार करायची वेळ आली तर त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कवळी किंवा साधं दात काढणं त्यात धरू नका.

मशेरी-तंबाखू सोडायला तयार असलेल्यांना 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक लिहून द्या. "या वयात सोडून काय होणार?" असं ते विचारतील. चट्टा असलेल्या माणसाने तंबाखू सोडली तर तो चट्टा कमी होण्याची शक्यता असते, जखमा लवकर भरतात, हिरड्या सुधारतात. मशेरी सोडताना दात आंबल्यासारखे वाटतात आणि सकाळी पोट साफ होत नाही अशी तक्रार येते, ती आधीच सांगून ठेवा. पेस्ट आणि मऊ ब्रश त्याच दिवशी हातात द्या.

तंबाखू घेणाऱ्या किंवा पूर्वी चट्टा सापडलेल्या माणसाला सहा महिन्यांनी पुन्हा बघा, बाकीच्यांना वर्षाने. पुढची तारीख यात्रेच्या हिशेबाने धरा आणि त्या दिवशी मागच्या वर्षीची वही बरोबर न्या. त्याच जागेचं तेव्हाचं वर्णन समोर असेल तर चट्टा वाढलाय की तसाच आहे हे सांगता येतं.